व्हेनिसच्या शांत वस्त्यांसाठी गाइड घ्यावा का? कान्नारेजो ते कास्तेल्लो, तीन तासांच्या पायी फेरीचा लेखाजोखा

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला जेमतेम चार-पाच तास येतात. बोटीनं सान मार्कोच्या चौकात उतरायचं, काचकामाचं प्रात्यक्षिक बघायचं, गोंडोलात बसून फोटो काढायचे आणि पुन्हा बोट गाठायची. गर्दीत घामाघूम झालेली मंडळी मग म्हणतात, ठीक आहे, पण लोक इतकं डोक्यावर का घेतात या गावाला? याचं उत्तर त्या चौकापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. उत्तरेला कान्नारेजो आणि पूर्वेला कास्तेल्लो, या दोन वस्त्यांत. सकाळी तिथे शाळेत जाणारी मुलं दिसतात, भाजीची बोट लागलेली असते, दोन घरांमध्ये ताणलेल्या दोरीवर चादरी वाळत असतात.

या वस्त्या स्थानिक गाइडसोबत पायी बघण्याच्या फेऱ्या आता बऱ्याच जण देतात. तो खर्च करावा का, कोणत्या भागासाठी करावा आणि पैसे कुठे वाया जातात, हे या लेखात तपशिलात आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: कान्नारेजोसाठी गाइड जरूर घ्या, कास्तेल्लोसाठी घेतला तर उत्तम, जुदेक्का बेटासाठी मुळीच नको. फेरी तीन तासांची आणि सकाळची असावी. पाच तासांची फेरी कुणी कितीही गळ घालून सांगितली तरी घेऊ नका. चौथ्या तासाला पाय बोलायला लागतात आणि कानावर पडलेलं डोक्यात शिरत नाही.

आधी गाइड कसा निवडायचा ते बघू. इटलीत गाइडला सरकारी परवाना लागतो आणि परवाना असलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र असतं. बुकिंगच्या वेळीच "परवानाधारक गाइड स्वतः येणार ना?" हे लेखी विचारून घ्या, कारण नुसती सोबत करणारा माणूस आणि गाइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी गाइडचा दर बहुतेक वेळा माणशी नसतो. तो संपूर्ण गटाचा, तासांच्या हिशेबानं असतो. म्हणजे नवरा-बायको दोघंच असतील तर महाग पडतो आणि सहा-सात जणांचं कुटुंब असेल तर माणशी खर्च एका साध्या जेवणाइतका होतो. पंचवीसपेक्षा मोठ्या गटाला आणि लाउडस्पीकरला व्हेनिसच्या नगरपालिकेनं 2024 पासून बंदी घातली आहे, पण या गल्ल्यांसाठी पंचवीस हासुद्धा फार मोठा आकडा आहे. कित्येक गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तिथे आठाच्या वर गट गेला की मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून "जास्तीत जास्त किती जण?" हा प्रश्न दराच्याही आधी विचारा.

आणखी एक गोष्ट बुकिंगआधी स्पष्ट करून घ्या: फेरी जिथे सुरू होते तिथेच संपते का? या शहरात सुरुवात आणि शेवट वेगळ्या टोकांना असणं सोयीचं असतं, पण सामान कुठे ठेवलंय, पुढची ट्रेन किती वाजता आहे, याचा मेळ आधी घालायला हवा. सान्ता लुचिया हे रेल्वे स्टेशन कान्नारेजोतच आहे, त्यामुळे फेरी तिथून सुरू करून पूर्वेकडे सरकत जाणं सगळ्यात शहाणपणाचं.

भेटायची जागा म्हणून बहुतेक जाणकार गाइड पोन्ते देल्ले गुल्ये हा पूल देतात. स्टेशनपासून तो सात-आठ मिनिटांवर आहे. कठड्यावर छोटे दगडी सुळके आहेत, त्यामुळे चुकत नाही. वेळ साडेआठ ते नऊ. दहानंतर स्टेशनकडून रिआल्तोकडे, म्हणजे ग्रँड कॅनॉलवरच्या प्रसिद्ध पुलाकडे, जाणारा लोंढा सुरू होतो आणि हाच पूल त्याच्या ऐन वाटेवर आहे. पण पुलावरून डावीकडे कालव्याकाठी वळलं की शंभर पावलांत गर्दी मागे पडते. व्हेनिसमधली गर्दी अशीच आहे, दोन-तीन ठरावीक रस्त्यांवरच वाहणारी. गाइडचं पहिलं काम तुम्हाला त्या प्रवाहातून बाजूला काढणं हे आहे, आणि चांगला गाइड ते पाच मिनिटांत करतो.

कालव्याकाठच्या रस्त्याला फोंदामेंता म्हणतात, गल्लीला काल्ले, चौकाला काम्पो. घराच्या पोटातून जाणारी बोळकांडी म्हणजे सोतोपोर्तेगो. बुजवलेल्या कालव्यावर झालेला रस्ता म्हणजे रिओ तेरा. एवढे पाच शब्द पाठ असले तरी भिंतीवरच्या पाट्या बोलायला लागतात. या पाट्या म्हणजे भिंतीवर पांढऱ्या गिलाव्याचा चौकोन सारवून त्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं नाव. त्यांना निझिओलेती म्हणतात, म्हणजे छोट्या चादरी. गोंधळ असा की पाटीवरचं नाव व्हेनिसच्या बोलीत असतं आणि नकाशावरचं बरेचदा इटालियनमध्ये. सान झानिपोलो आणि सान्ती जोव्हान्नी ए पाओलो हे एकच चर्च आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? पत्त्यांचीही तीच तऱ्हा. घर क्रमांक गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या वस्तीचे सलग असतात. कास्तेल्लोत ते साडेसहा हजारांच्या पुढे जातात. "कास्तेल्लो 4120" एवढ्या पत्त्यावर तासभर फिरलात तरी घर सापडायचं नाही. सोबत गल्लीचं नाव हवंच.

मोबाइलच्या नकाशावर विसंबून या भागात फिरणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. उंच घरांच्या फटीत उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही, निळा ठिपका कालव्याच्या पलीकडे उडी मारतो आणि समोर पूल नसून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या निघतात. त्या पायऱ्यांवर पाय ठेवू नका. ज्या पायऱ्या भरतीत बुडतात त्यांच्यावर शेवाळ असतं आणि ते ओलं नसतानाही काचेसारखं निसरडं असतं.

गुल्ये पुलापासून पाच मिनिटांवर घेत्तो आहे. जगभरच्या भाषांत गेलेला "घेट्टो" हा शब्द इथलाच. या जागी पूर्वी धातू ओतायचा कारखाना होता, त्या ओतकामाच्या शब्दावरून वस्तीला नाव पडलं असं सामान्यतः मानतात. 29 मार्च 1516 रोजी व्हेनिसच्या सेनेटनं ठराव करून शहरातल्या ज्यूंना या बेटावर राहायला लावलं. रात्री दारं बंद व्हायची, पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनीच द्यायचा, भोवतीच्या पाण्यात गस्तीची बोट फिरायची तिचाही खर्च त्यांच्याच माथी. ही दारं 1797 मध्ये नेपोलियनच्या फौजेनं काढून टाकली. कालव्याकडून आत शिरताना बोळकांडीतल्या दगडी चौकटीत बिजागऱ्यांच्या खाचा अजून आहेत. गाइडनं बोट ठेवून दाखवलं नाही तर शंभरातले नव्व्याण्णव जण त्यांच्यावरून सरळ निघून जातात.

आतल्या मोठ्या चौकात उभं राहून खिडक्यांच्या ओळी मोजा. इतर व्हेनिसमध्ये चार-पाच मजले, इथे सात, कुठे आठ. वस्ती वाढली पण जमीन वाढली नाही, म्हणून घरं वर चढली आणि मजल्यांची उंची कमी होत गेली. काही छतं हात वर केला की लागतील इतकी खाली आहेत. वरच्या मजल्यावर सलग पाच मोठ्या कमानदार खिडक्या दिसल्या की ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, समजायचं. एकूण पाच सिनेगॉग आहेत, सगळ्यात जुनं 1528 चं. ती आतून बघायची तर ज्यू संग्रहालयाच्या स्वतःच्या फेरीनंच बघता येतात. तुमचा गाइड तिथे आत समजावून सांगेलच असं नाही, आणि शनिवारी ती बंद असतात. फेरी शनिवारी येत असेल तर दिवस बदला. चौकाच्या भिंतीवर कांस्याचे पट्ट आहेत, जमिनीत पितळी चौकोन बसवलेले आहेत, ज्यांवर नावं आणि तारखा कोरल्या आहेत. 1943-44 मध्ये इथून नेलेल्या माणसांची ती आठवण आहे. इथे पाय जपून टाका आणि आवाज खाली ठेवा. जो गाइड या चौकात घाई करतो, त्याच्याकडून पुढेही फारशी अपेक्षा ठेवू नका.

याच चौकात बँको रोस्सो नावाची जुनी सावकारी पेढी आहे. गहाण ठेवलेल्या वस्तूची पावती लाल रंगाची असायची, म्हणून हे नाव. पैशांचा विषय निघालाच आहे तर मराठी माणसानं एक गोष्ट इथे मुद्दाम आठवावी. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, दुकात. 1284 पासून पाचशे वर्षं ते जवळपास एकाच वजनाचं आणि एकाच शुद्धतेचं राहिलं, साडेतीन ग्रॅम. त्यामुळे मसाल्याच्या व्यापारातून इथवर आलेल्या त्या नाण्यावर आपल्याकडचे सराफ डोळे झाकून विश्वास ठेवत. त्यावर गुडघे टेकलेला दोज, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, आणि त्याच्या हाती ध्वज देणारा संत मार्क अशा दोन मानवी आकृत्या असतात. पुतळी हे नाव त्यावरूनच आलं. घरात आजीची खरी जुनी माळ असेल तर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि गाइडला दाखवा. गप्पांना वेगळाच रंग चढतो.

घेत्तोतून उत्तरेकडच्या लाकडी-लोखंडी पुलावरून बाहेर पडलं की फोंदामेंता देल्यी ओर्मेझिनी लागतो. इथून पुढचा दीड किलोमीटर हा या फेरीचा गाभा. तीन लांब कालवे एकमेकांना समांतर, सरळ, काठाला रुंद रस्ता, डोक्यावर मोकळं आकाश. मध्य व्हेनिसमध्ये हे सुख नाही. गाइड इथे तुम्हाला चर्चची यादी न ऐकवता शहर वाचायला शिकवत असेल तर पैसे वसूल झाले समजा.

उदाहरणार्थ चौकाच्या मधली विहीर. व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक काम्पोत दगडी तोंडाची, वर लोखंडी झाकण ठोकलेली विहीर दिसते. लोक तिच्यावर पाण्याची बाटली ठेवून फोटो काढतात. खरं म्हणजे ही विहीर नव्हेच. खाली खारं पाणी, तिथे झरा कुठून असणार? हा पावसाच्या पाण्याचा हौद. चौकाखाली काही मीटर खोल खड्डा खणून त्याला चिकणमातीचं जाड अस्तर द्यायचे, म्हणजे बाजूचं खारं पाणी आत झिरपत नसे. मग खड्डा वाळूनं भरून मधोमध विटांची नळी उभी करायची. छपरांवरचं आणि चौकातलं पाणी फरसबंदीतल्या भोकं पाडलेल्या दगडांतून आत जायचं, वाळूतून गाळलं जायचं आणि नळीच्या तळाशी जमायचं. ते भोकांचे दगड अजून जागेवर आहेत. विहिरीपासून पाच-सहा पावलांवर, बहुधा चार बाजूंना चार. जमीन त्यांच्याकडे हलकेच उतरती आहे, हे बाटलीतलं थोडं पाणी ओतून बघितलं तर डोळ्यांना दिसतं. मोठी भरती येऊन खारं पाणी या भोकांतून आत गेलं तर सगळा हौद नासायचा, म्हणून कित्येक चौकांत मधला भाग दोन पायऱ्या उंच केलेला असतो. मुख्य भूमीवरून नळाचं पाणी 1884 मध्ये आलं आणि झाकणं लागली. तोंडाच्या आतल्या कडेवर बोटं फिरवा, दोरानं कापलेले चर हाताला लागतात. आपल्या गावच्या विहिरीच्या काठावर असतात अगदी तसेच.

दुसरं उदाहरण पाण्याच्या रेघेचं. कालव्याकाठच्या भिंतीवर हिरवट-काळा पट्टा असतो, तो नेहमीच्या भरतीची खूण. काही जुन्या वाड्यांच्या पायाच्या दगडांवर कोरलेली आडवी रेघ आणि C हे अक्षर सापडतं. ती त्या काळच्या नेहमीच्या भरतीची पातळी. आजचं शेवाळ त्या रेघेच्या बरंच वर चढलेलं आहे. शहर खचलं आणि समुद्र वर आला, दोन्ही मिळून पाण्याची सरासरी पातळी 1897 च्या मानानं तीस सेंटिमीटरहून जास्त वर आहे. याचा परिणाम बाजूच्याच भिंतीत दिसतो. घरांच्या पायाला पांढरा इस्त्रियन दगड आहे, जो पाणी शोषत नाही. त्याच्या वर विटा. पाणी दगडाच्या वर गेलं की विटा ते ओढून घेतात, वाळताना मीठ आतल्या आत फुगतं आणि विटेचा भुगा होतो. गिलावा उडालेल्या भिंतीला "काय सुंदर जुनाट रंग" म्हणताना हे माहीत असलेलं बरं. घरमालक त्यापायी दर काही वर्षांनी विटा बदलत असतो.

पुढे काम्पो देई मोरी. भिंतीत फेटेवाले दगडी व्यापारी उभे आहेत, त्यांतल्या कोपऱ्यावरच्या सिओर रिओबाला लोखंडी नाक आहे. लोक नशिबासाठी ते घासतात, त्यामुळे ते चकचकीत झालं आहे. दोन दारं सोडून चित्रकार तिंतोरेत्तोचं घर. त्याचे वडील कापड रंगवायचे, म्हणून तिंतोरेत्तो, म्हणजे छोटा रंगारी. मादोन्ना देल्लोर्तो हे त्याच्या घराजवळचं चर्च. तो तिथेच पुरलेला आहे आणि त्याची दोन प्रचंड चित्रं, प्रत्येकी सुमारे चौदा मीटर उंच, मुख्य वेदीच्या दोन बाजूंना आहेत. तिकीट किरकोळ आहे, पण ते फेरीच्या दरात धरलंय का ते आधी विचारा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमच्या मते या फेरीत आत जाऊन बघावं असं एकच ठिकाण निवडायचं तर हेच. अर्धा तास द्या आणि गाइडला पहिली दहा मिनिटं गप्प राहायला सांगा.

चर्चसमोरच्या कालव्याच्या काठानं पूर्वेकडे जाताना पलीकडच्या वाड्याकडे बघा. भिंतीवर ओझं लादलेला दगडी उंट आहे. तो काठ सोडून दुसऱ्या बाजूनं गेलात तर उंट दिसतच नाही, आणि घाईतल्या फेऱ्या नेमकी दुसरी बाजू धरतात. त्यानंतर साक्का देल्ला मिझेरिकोर्दिया, जिथे समोर एकदम खुलं पाणी येतं आणि लांबवर सान मिकेले हे विटांच्या कोटाचं स्मशानबेट. मग पोन्ते कियोदो, कठडा नसलेला छोटा पूल. पूर्वी व्हेनिसचे बरेचसे पूल असेच बिनकठड्याचे होते. तो एका खासगी घराच्या दाराशी जातो, त्यामुळे फोटो इकडच्या काठावरून घ्या आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

खाण्यासाठी गाइड मिझेरिकोर्दियाच्या काठावरच्या एखाद्या बाकारोत नेतो. बाकारो म्हणजे उभ्यानं खायची छोटी दारूची गुत्तावजा खानावळ, चिकेत्ती म्हणजे पावाच्या तुकड्यावरचे एक-दोन घासांचे पदार्थ आणि ओम्ब्रा म्हणजे वाइनचा लहान पेला. चिकेत्ती ताज्या असतात अकरा ते एकच्या दरम्यान. दोननंतर काचेच्या कपाटात उरलेलं विकतात आणि पाव चिवट झालेला असतो. काउंटरवर उभं राहून खाल्लं तर एक दर, टेबलावर बसलं तर दुसरा, शिवाय माणशी बैठकीचा आकार. ही फसवणूक नव्हे, इथली रीत आहे आणि ती दरपत्रकावर लिहिलेली असते.

शाकाहाऱ्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून खायला हवं. व्हेनिसचं खाणं मुळात मासळीचं. बाकालाचा पांढरा लोण्यासारखा लेप पनीरासारखा दिसतो, पण तो सुक्या कॉडचा असतो. उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या भागावर बरेचदा अँकोव्हीची पट्टी असते. पोल्पेत्ते मांसाचे, माशांचे किंवा वांग्याचे, दिसायला सारखेच. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नको, असं दोन्ही बोला. आर्टिचोकचे तळ, ग्रिल केलेल्या भाज्या, भोपळ्याचे किंवा वांग्याचे प्रकार, ताजं चीज हे मिळतं. जुन्या मुरलेल्या इटालियन चीजमध्ये दूध विरजायला वापरलेलं प्राण्याचं रेनेट असतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी तेही विचारावं. जैन पथ्य असेल तर सोबत डबा ठेवणंच उत्तम. मात्र तो पुलाच्या पायऱ्यांवर बसून उघडू नका. चौकातल्या बाकावर बसा, कचरा परत पिशवीत. पिण्याचं पाणी विकत घ्यायची गरज नाही, चौकांत लोखंडी नळ चालू असतात आणि पाणी चांगलं आहे.

इथवर दोन तास झालेले असतात. दहा-बारा पूल चढून उतरलेले असतात आणि प्रत्येक पुलाला दोन्हीकडून दहा-पंधरा पायऱ्या. आई-बाबांच्या गुडघ्यांची तक्रार असेल तर हीच फेरी घेत्तो ते मादोन्ना देल्लोर्तो एवढीच ठेवा, ती पुरेशी आहे. व्हीलचेअर असेल तर गाइडला आधी कळवा. मग तो बोटीनं थांब्या-थांब्याला जोडून सपाट तुकडे निवडू शकतो. चाकांची बॅग घेऊन फेरीला येणं तर सपशेल चूक. स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे.

कास्तेल्लोचा पूर्व भाग गाठायला फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून बोट घ्यायची. 4.1, 4.2, 5.1, 5.2 या गोल फिरणाऱ्या बोटी, टिंबानंतरचा आकडा दिशा सांगतो. एकाच नावाचे दोन-तीन तराफे शेजारी असतात, म्हणून चढण्याआधी फलकावर पुढच्या थांब्यांची नावं वाचा. नाहीतर मुरानो बेटावर पोचाल. साधं तिकीट 75 मिनिटांचं, 9.50 युरोचं. दिवसाचा पास 25 युरोंचा. म्हणजे दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तर पासच घ्या. तिकीट घेतलं तरी दर वेळी यंत्रावर टेकवून आवाज ऐकल्याशिवाय चढू नका. तिकीट खिशात आहे पण टेकवलेलं नाही, यालाही दंड होतो.

उतरायचं सान पिएत्रो दी कास्तेल्लोला. गवताचं मैदान, झाडं, बाक, चर्च आणि त्यापासून सुटा उभा असलेला, कललेला पांढरा मनोरा. व्हेनिसचं कॅथेड्रल 1807 पर्यंत हेच चर्च होतं. सान मार्को तोवर दोजचं खासगी देवालय होतं. पुन्हा पूल ओलांडून व्हिया गारिबाल्दी. हा रस्ता इतका रुंद कसा, याचं उत्तर त्याच्या पूर्व टोकाला मिळतं. तिथून पुढे कालवा सुरू होतो आणि रस्ता म्हणजे त्याच कालव्याचा बुजवलेला भाग. त्या टोकाला भाजीची बोट उभी असते, काठावरून माल घ्यायचा. भाजी हातानं चाचपू नका, बोटानं दाखवा, विकणारा पिशवीत घालून देतो. आपल्या मंडईच्या सवयीनं चार टोमॅटो दाबून बघितले तर ओरडा बसतो.

बाजूच्या गल्ल्यांत डोक्यावर वाळत घातलेले कपडे दिसतील. दोन घरांमध्ये कप्प्यांवरून फिरणारी अखंड दोरी, खिडकीत उभं राहून ओढत जायची, कपडा लावत जायचा. फोटो काढायला हरकत नाही, पण खिडकीत माणूस असेल तर आधी नजरेनं विचारा. शेवटी आर्सेनालेचं, म्हणजे जुन्या जहाजबांधणीच्या गोदीचं, महाद्वार. बाहेरच्या सिंहांत जो बसलेला मोठा आहे तो 1687 मध्ये ग्रीसच्या पिरेउस बंदरातून आणलेला. त्याच्या खांद्यांवर अकराव्या शतकातल्या स्कँडिनेव्हियन शिपायांनी कोरलेली रून, म्हणजे त्यांच्या जुन्या लिपीतली, अक्षरं आहेत. दुपारी उन्हात ती पुसट दिसतात, बाजूनं तिरपा प्रकाश असेल तेव्हाच उठून येतात. आत नौदलाचा तळ असल्यामुळे द्विवार्षिक प्रदर्शन चालू नसताना बराचसा भाग बंदच असतो. "आर्सेनाले आतून" असं जाहिरातीत लिहिलेलं दिसलं तर तारीख सांगून खात्री करा.

हवामान आणि नियमांबद्दल थोडं. ऑक्टोबर ते जानेवारी भरतीचे महिने. समुद्रतोंडावरचे मोझे नावाचे 78 दरवाजे 2020 पासून मोठ्या भरतीला उचलले जातात, पण अंदाज साधारण 110 सेंटिमीटरचा असेल तेव्हा. त्याखालच्या भरतीत सखल जागी पाणी येतंच. गाइड ते पाहून मार्ग उलटा फिरवू शकतो, आणि हेही त्याला पैसे देण्याचं एक कारण. पावसात पुलांच्या पायऱ्यांच्या पांढऱ्या दगडी कडा घसरतात, रबरी तळव्याचे बूट हवेत. एकदिवसीय पर्यटकांसाठी 2024 पासून काही ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क आहे. 2025 मध्ये असे 54 दिवस होते, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, आधी नोंदवलं तर 5 युरो, उशिरा 10. मुक्काम व्हेनिसमध्ये किंवा मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमध्ये असेल तर शुल्क लागत नाही, पण सवलतीचा कोड नोंदवून घ्यावाच लागतो. ही नोंदणी गाइड करत नाही, ज्याची त्यानं करायची.

या वस्त्या शांत का, याचं एक कारण अवघड आहे आणि चांगला गाइड ते टाळत नाही. ऐतिहासिक शहरात 1951 च्या सुमारास पावणेदोन लाख माणसं राहत होती. आता पन्नास हजारही नाहीत. रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत हा आकडा दाखवणारा फलक 2008 पासून लावलेला आहे. म्हणून घरभाड्यांबद्दल, कुठली शाळा चालू आहे, कुठलं किराणा दुकान मुखवट्यांचं दुकान झालं, याबद्दल गाइडला विचारा. तिथेच राहणारा असेल तर तो तासभर बोलेल. बाहेरून येऊन-जाऊन करणारा असेल तर विषय बदलेल. स्थानिक गाइड म्हणून जास्तीचे पैसे घेतले जातात ते या तासासाठी, आणि ते तुम्हाला मिळायलाच हवेत. अरुंद गल्लीत सकाळी आठला आपला हाका मारण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, हे आपल्या बाजूनं लक्षात ठेवायचं. उजवीकडून एका रांगेत चालायचं, पुलाच्या माथ्यावर थांबायचं नाही, हातगाडीवाला "आत्तेन्त्सिओने" ओरडला की भिंतीला लागायचं. त्याच्या गाडीवर कुणाच्या तरी घरचा फ्रीज असतो आणि पुढे चार पूल बाकी असतात.

फेरी आर्सेनालेला संपल्यावर स्टेशनकडे परत जायला 1 नंबरची बोट घ्या. ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक थांबा घेत ती पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ घेते, म्हणजे 75 मिनिटांच्या एकाच तिकिटात सगळा कालवा बघून होतो. शक्य असेल तर एक थांबा मागे, जार्दिनीला जाऊन चढा. सान मार्कोला भरायच्या आधी बाहेरची मोकळी जागा तिथेच मिळते.